दोन बोटांचे अंतर

कर्ज देताना बँक तारणाच्या पूर्ण किमतीइतकी रक्कम कधी देत नाही. १०० रुपयांच्या मालावर ७५ रुपये दिले, तर २५ राखून ठेवते. बाजार चढता असतो तोवर त्या राखलेल्या पंचविसाची आठवण कोणालाही होत नाही. उलट ते विनाकारण अडकलेले भांडवल वाटते. भाव कोसळला, माल भिजला, गिऱ्हाईक फिरले, की मात्र तेच मार्जिन दुकान तारून नेते. सायकलचा टायर आणि त्यावरील मडगार्ड यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, ती नेमके हेच काम करते. उन्हाळ्यात तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आषाढात पांदणीच्या काळ्या चिखलात चाक शिरले, म्हणजे सायकल चालणार की अडणार याचा निकाल त्या जागेवरच लागतो.

पिंपळनेरसारख्या गावी हा विषय शिळोप्याच्या गप्पांचा नाही. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील ही बाजारपेठ पांझरेच्या काठी वसली आहे. नदी सह्याद्रीच्या डोंगरांतून उतरते, लाटीपाड्याच्या धरणात विसावते आणि पिंपळनेरवरून पूर्वेस धुळ्याकडे वळते. गावातून एक रस्ता चरणमाळ घाटाने नवापूरकडे जातो, दुसरा शेलबारी घाट चढून ताहाराबादकडे आणि तिसरा साक्रीकडे. यांतला ताहाराबादचा रस्ता मांगीतुंगीच्या यात्रेकरूंना पाठ आहे. धुळे जिल्ह्याच्या पूर्व भागात पाऊस हात आखडता घेतो. पश्चिमेच्या डोंगरांकडे सरकावे तसा तो वाढत जातो. म्हणूनच या परिसरात पावसाळ्यातील सायकल हा चार दिवसांचा प्रश्न नसून चार महिन्यांचा आहे.

युरोपात सायकलस्वार चिखलाची तयारी करतो ती हिवाळ्यासाठी, कारण तिकडे थंडी आणि ओल एकत्रच येतात. आपल्याकडे ही तयारी मृगापूर्वी करावी लागते. थंडीच्या दिवसांत कधी अवकाळी पाऊस आला, तर तीच तयारी पुन्हा उपयोगी पडते. कांदा, मका उघड्यावर असताना शेतावर धावत जाणाऱ्या माणसाला रस्ता कोरडा होईपर्यंत थांबण्याची सवड नसते.

सायकलच्या दृष्टीने या भागातील जमीन तीन प्रकारची आहे. पहिला डांबरी रस्ता, त्यात फरशी पूल व काँक्रीटच्या गल्ल्या आल्या. दुसरा मुरमाचा रस्ता, जो डोंगरउतारावरील पाड्यांना जोडतो. तिसरी खोऱ्यातील काळी माती, जिच्यातून शेतांच्या पांदणी जातात. मुरूम आणि काळी माती दोन्ही एकाच काळ्या पाषाणाची, बेसाल्टची, लेकरे. पण स्वभाव अगदी भिन्न. मुरमातून पाणी निथळून जाते. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पिकाला पाणी धरून ठेवणारा तिचा हाच गुण चाकाच्या मुळावर येतो. पहिल्या फेऱ्याला टायरवर एक थर चढतो, दुसऱ्या फेऱ्याला त्या थरावर दुसरा, आणि वीस-पंचवीस पावलांत मडगार्डच्या आतला सारा अवकाश भरून जातो. मग चाक फिरायचे थांबते.

अशा वेळी सर्वाधिक अडचण कोणाची होते, हे पाहिले म्हणजे विषयाचे गांभीर्य कळते. हौसेने रविवारी लाटीपाड्यापर्यंत फेरी मारणारा तरुण सायकल ढकलत घरी येईल, आंघोळ करील आणि विसरून जाईल. पाड्यावरून चार-पाच किलोमीटर दूरच्या माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुलीची गोष्ट वेगळी. शाळा जूनच्या मध्यास उघडते आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. सप्टेंबरअखेरपर्यंतचे दिवस मोजले, तर शैक्षणिक वर्षाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग पावसात जातो. पाठीवर चिखलाचा लांब पट्टा उमटलेल्या ओल्या गणवेशात पाच-सहा तास वर्गात बसणे कोणत्याही मुलीला नकोसे वाटते. एकदा तसे झाले की दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेले पाहून ती घरीच थांबते. अशी एक-एक गैरहजेरी साचत जाते आणि दिवाळीपूर्वीच्या परीक्षेत तिचा हिशेब लागतो.

मुलीच्या शिक्षणात सायकलचे मोल किती, याचा पुरावा बिहारने दिला आहे. तेथील सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास प्रारंभ केला. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींच्या प्रमाणात ३२ टक्के वाढ झाल्याचे त्यांना आढळले. लाभ अधिक झाला तो शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाद्वारे २२ जिल्ह्यांतील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. ही रक्कम पूर्वी ३,५०० रुपये होती. २०२२ मध्ये ती ५,००० रुपये झाली. पैसा बँक खात्यात जमा होतो आणि सायकल पालकांनी दुकानातून निवडून घ्यायची असते. याचा अर्थ असा की निवडीचा अधिकार आता साहेबाच्या सहीत नसून गावच्या दुकानात, गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यामध्ये आहे. म्हणूनच दोघांनाही काही गोष्टी माहीत असणे अगत्याचे ठरते.

मडगार्ड नसेल तर नेमके काय होते, याचे गणित साधे आहे. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असेल, तर टायरचा पृष्ठभागही सायकलच्या तुलनेत त्याच गतीने, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ मीटर २० सेंटीमीटर या वेगाने फिरत असतो. मागच्या चाकाच्या पाठीमागील बाजूस तो खालून वर जातो. तेथून सुटलेला पाण्याचा थेंब, हवेचा विरोध सोडून दिला तर, सुमारे ९० सेंटीमीटर उंच उडतो. आसाची उंची त्यात मिळवली की तो जमिनीपासून सव्वा मीटरवर पोहोचतो. बसलेल्या माणसाची पाठ तेथेच असते. वेग ताशी २० किलोमीटर झाला, तर तोच थेंब डोक्यापर्यंत जातो. पुढचे चाक याहून त्रासदायक. त्याच्या वरच्या भागातून सुटलेले पाणी पुढे उडते आणि स्वार त्यात स्वतःहून शिरतो. खालच्या भागातून सुटलेला गाळ पावलांवर, पायडलच्या आसावर आणि चेनवर आपटतो. अंगावरचे कपडे धुता येतात. चेनमध्ये शिरलेली रेती मात्र सहाणेप्रमाणे घासत राहते, आणि एका पावसाळ्यात चेन व दाते दोन्ही झिजवून टाकते.

यावरून मडगार्डची पहिली कसोटी निघते. मागचे मडगार्ड चाकाच्या मागील बाजूस आसाच्या पातळीच्या बरेच खाली आले पाहिजे आणि पुढचे त्याहूनही खाली. बाजारात मिळणारी अनेक मडगार्डे नेमकी पुढच्या चाकावर आखूड असतात. त्यावर उपाय फुकटात होतो. जुन्या ट्यूबचा वा जाड रबराचा वीतभर तुकडा कापून पुढच्या मडगार्डच्या टोकाला रिव्हेटने बसवावा, तो जमिनीपासून चार-पाच बोटे वर लोंबता ठेवावा. मागेही तसाच तुकडा लावला, तर मागून येणाऱ्याच्या तोंडावर गाळ उडत नाही. ब्रिटनमधील जुन्या सायकल मंडळांत हिवाळी फेरीला मडगार्ड आणि मागे लांब फ्लॅप असावा, असा शिरस्ता आहे. आपल्या सायकलच्या मागच्या फ्लॅपचा आपल्याला स्वतःला जवळजवळ काहीच उपयोग नसतो. तो सर्वस्वी मागच्यासाठी असतो. शाळेच्या वाटेवर मुली रांगेने सायकली चालवतात, तेथे या वीतभर रबराचे मोल समजते.

दुसरी कसोटी रुंदीची. मडगार्ड टायरहून दोन्ही बाजूंनी थोडे रुंद असावे, नाहीतर पाणी कडेने निसटते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी म्हणजे अंतर. केवळ डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या सायकलीस टायर व मडगार्ड यांच्यामध्ये एक बोट शिरेल इतकी जागा पुरते. मुरूम आणि पांदण वाट्याला येणार असेल, तर दोन बोटे सहज फिरली पाहिजेत. हे अंतर फक्त मधोमध पाहून चालत नाही. पुढच्या चिमट्याच्या माथ्याखाली, ब्रेकच्या खाली आणि मागे सायकलच्या दोन दांड्यांच्या सांध्यात जागा सर्वांत कमी असते, आणि चिखल प्रथम तेथेच अडतो. दुकानात सायकल घेताना याच तीन ठिकाणी बोट घालून पाहावे.

अंतराचा प्रश्न केवळ सोयीचा नाही, जिवाचाही आहे. एखादी काटकी वा बाभळीची फांदी पुढच्या टायरला चिकटून मडगार्डमध्ये ओढली गेली, मडगार्ड आत दुमडले आणि चाक एकाएकी जाम झाले, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. यासाठी परदेशी बनावटीच्या चांगल्या प्लास्टिक मडगार्डांत पुढच्या तारा अशा चापांत अडकवलेल्या असतात, की जोर आला की त्या आपोआप सुटतात. आपल्या पत्र्याच्या मडगार्डांत ही योजना नसते. त्यांची भिस्त जागेवर आणि घट्ट आवळलेल्या नटांवर. मडगार्ड खडखडू लागले की त्या आवाजाची सवय करून न घेता त्याच दिवशी पाना फिरवावा.

पत्रा की प्लास्टिक, हा प्रश्न दुकानात हटकून निघतो. पत्रा मजबूत, पण आत चिकटलेली ओली माती त्याला आतून गंजवते. प्लास्टिक गंजत नाही, हलके असते, मात्र हलक्या प्रतीचे असल्यास उन्हाने कडक होऊन तडकते. रोजच्या शाळेच्या वा दुकानाच्या सायकलीस पूर्ण लांबीचे मडगार्ड योग्य, मग ते कशाचेही असो. डोंगरात चिखलाच्या वाटांवर चालवण्याच्या सायकलीस सीटखाली व चिमट्यावर उंच बसवलेले आखूड प्लास्टिक मडगार्ड बरे. ते पावले भिजू देते, पण टायरपासून दूर असल्याने चिखलाने तुंबत नाही. दोन्ही गुण एकाच वस्तूत मिळत नाहीत. आपली वाट कोणती, हे ठरवूनच एक पदरात पाडून घ्यावे लागते.

आजकाल मुलांचा ओढा मात्र मडगार्ड नसलेल्या, जाड काटेरी टायरांच्या सायकलीकडे असतो. मडगार्ड म्हणजे दूधवाल्याची सायकल, अशी त्यांची समजूत. ही सायकल मूळची कुठली, हे पाहणे उद्बोधक आहे. तिचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, तामाल्पाइस डोंगराच्या उतारांवर झाला. १९७६ पासून तेथील तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन धुळीच्या वाटांवरून खाली येण्याच्या शर्यती लावीत. १९८१ साली अशी सायकल मोठ्या संख्येने बनून बाजारात आली. कॅलिफोर्नियाचा उन्हाळा कोरडा असतो. जेथे महिनोन्महिने पाऊस पडत नाही, तेथे मडगार्ड काढून टाकणे शहाणपणाचे होते. तीच रीत चरणमाळच्या पायथ्याशी जुलै महिन्यात पाळण्यात कोणते शहाणपण आहे, हे मुलांना विचारावयास हरकत नाही.

मुले यावर बेल्जियमचा दाखला देतील. बेल्जियममध्ये हिवाळ्यात सायक्लोक्रॉस नावाच्या शर्यती होतात. पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली. स्पर्धक चिखलातून सायकल हाणतात, अडेल तेथे ती खांद्यावर घेऊन धावतात, आणि त्यांच्या सायकलीला मडगार्ड नसते, हे खरे आहे. पण त्या शर्यतीत मोक्याच्या जागी मदतनीस दुसरी धुतलेली सायकल घेऊन उभा असतो. स्पर्धक चिखलाची सायकल त्याच्या हाती देतो, स्वच्छ सायकल घेतो आणि पुढे जातो. ज्याच्यापाशी धुतलेली दुसरी सायकल आणि ती घेऊन उभा राहणारा माणूस आहे, त्याने मडगार्ड खुशाल काढावे.

त्याच शर्यतीतून टायरविषयी मात्र एक उपयुक्त धडा मिळतो. तेथे आंतरराष्ट्रीय नियमाने टायरची रुंदी ३३ मिलिमीटरहून अधिक चालत नाही. म्हणजे चिखलात चालणारे हे टायर मुलांना हव्या असलेल्या ५० मिलिमीटर रुंद टायरांपेक्षा बरेच अरुंद असतात. याचे कारण असे की पातळ चिखलाखाली टणक जमीन असेल, तर अरुंद टायर चिखल कापून तिच्यापर्यंत पोहोचतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. शिवाय टायर अरुंद असला की मडगार्ड व चिमट्यात जागा अधिक उरते. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा २८ बाय दीड इंची टायर सुमारे ४० मिलिमीटर रुंद असतो. शेतकरी, दूधवाले, पोस्टमन यांनी वर्षानुवर्षे तोच वापरला, याला कारण केवळ गरिबी नव्हती.

टायरवरील नक्षीविषयीही गैरसमज फार. ओल्या डांबरावर खोल नक्षीचा टायर घट्ट पकडतो, असे सर्वांना वाटते, कारण मोटारीबाबत ते खरे आहे. वेगात असलेली मोटार पाण्याच्या थरावर तरंगू शकते, म्हणून तिच्या टायरला पाणी बाहेर काढणाऱ्या चरा लागतात. विमानांच्या टायरांवरील अभ्यासातून आलेल्या सूत्रानुसार, हवेचा दाब ५० पौंड असलेला टायर पाण्यावर तरंगण्यास ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेग हवा. सायकल तो वेग गाठत नाही. तिचा टायर गोल व अरुंद असल्याने पाणी स्वतःच बाजूला सारतो. तेव्हा डांबरावर साधा, हलक्या रेघांचा टायरच उत्तम. जेवढे रबर रस्त्याला टेकेल तेवढी पकड. काटेरी टायर डांबरावर फक्त काट्यांच्या टोकांवर उभा असतो, वळणावर ती टोके वाकतात आणि सायकल सरकते. डांबरावर घसरण होते ती पहिल्या पावसाने वर आलेल्या तेलामुळे, रस्त्यावरील रंगवलेल्या पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर आणि फरशी पुलाच्या शेवाळावर. तेथे कोणतीही नक्षी वाचवीत नाही; सायकल सरळ ठेवून, ब्रेक न दाबता, हळू जाणे एवढेच हाती असते. आणि फरशीवरून पाणी वाहत असेल, तर काठावर थांबणे हाच एकमेव नियम.

मुरमावर चित्र बदलते. खडे सुटे असतात, म्हणून टायरला थोडी बारीक नक्षी आणि थोडी अधिक रुंदी हवी. ४० ते ५० मिलिमीटर पुरेशी. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली, तर टायर खड्यांवर बसतो, उडत नाही. मात्र मागे कांद्याची गोणी वा डबलसीट असेल, तर हवा कमी करणे महागात पडते. टायर दबून ट्यूब रिमच्या कडेत चिमटली जाते आणि साप चावल्यासारखी दोन भोके शेजारी-शेजारी पडतात.

काळ्या मातीसाठी टायर निवडायचाच असेल, तर काटे उंच आणि एकमेकांपासून दूर असलेला निवडावा. दाट काट्यांचा टायर दिसायला दमदार, पण त्यांच्या फटींत माती बसली की ती निघत नाही आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. दूर काट्यांच्या टायरमधून चाक फिरताना माती काही अंशी झडते. तरीही एक सत्य मान्य करावे लागते. भरपूर भिजलेल्या काळ्या मातीत कोणताच टायर चालत नाही. तेथे शेतकऱ्याचा शब्द प्रमाण मानावा. पाऊस उघडल्यावर जमिनीतील पाणी निथळून ती न चिकटण्याइतपत सुकते, त्या स्थितीला तो वाफसा म्हणतो. वाफसा आल्याशिवाय तो शेतात औत घालीत नाही. सायकलस्वारानेही पांदणीत चाक घालू नये. जाणे भागच असेल, तर कडेच्या गवतावरून सायकल हातात धरून चालावे, आणि सीटखाली एक चपटी बांबूची कामटी बांधलेली असावी. माती साचताच ती लगेच खरवडता येते. साचू दिली तर मागाहून हातोडी लागते.

टायर बदलताना आणखी एका बाबतीत पैसा वाया जातो. मुलींच्या पुष्कळ सायकलींचा टायर २६ बाय १ पूर्णांक ३/८ इंची असतो. डोंगरी सायकलीचा २६ बाय १.९५ किंवा २.१. दोन्ही '२६', म्हणून एक दुसऱ्यावर बसेल असे वाटते. पण पहिल्याच्या रिमवरील बैठकीचा व्यास ५९० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ५५९. जुन्या मोठ्या काळ्या सायकलीचा ६३५. टायरच्या कडेवर ३७-५९० किंवा ४०-६३५ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिला दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर चालतो, फक्त मडगार्डची जागा पुन्हा मोजावी. गावाहून टायर मागवताना तोंडी 'सव्वीसचा' असे सांगण्याऐवजी हे दोन आकडे कागदावर लिहून द्यावेत.

पावसाळ्यात थांबणेही चालण्याइतकेच महत्त्वाचे. स्वस्त सायकलींच्या चकाकणाऱ्या लोखंडी रिमवर पाणी पडले की ब्रेकचे रबर जवळजवळ निरुपयोगी होते. कोरड्या दिवशी जेथे सायकल दोन हातांत थांबते, तेथे ओल्या दिवशी कित्येक हात पुढे जाते. उतार लागण्याआधीच ब्रेक हलके दाबत राहावे, म्हणजे रिम पुसली जाते. शेलबारीसारख्या घाटात लोखंडी रिमची सायकल घेऊन पावसात उतरू नये. अ‍ॅल्युमिनियमची रिम या बाबतीत पुष्कळच बरी, आणि नवी सायकल घेताना टायरच्या नक्षीपेक्षा हा फरक आधी पाहावा.

घरी आल्यावर पाच मिनिटे पुरतात. माती ओली आहे तोवरच मडगार्डच्या आतून कामटी फिरवावी, बादलीभर पाण्याने सायकल धुवावी. सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा आसावर मारू नये, कारण तो ग्रीस बाहेर ढकलतो आणि पाणी आत घालतो. चेन फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडावेत. टायर सावकाश फिरवून काटे पाहावेत, कारण ओले रबर कोरड्यापेक्षा सहज कापले जाते आणि पावसात बाभळीचा काटा मातीसोबत चिकटून आत शिरतो. मागच्या मडगार्डवरील पांढरा पट्टा आणि लाल रिफ्लेक्टर पुसावा. पावसाळी संध्याकाळी ट्रकच्या चालकाला सायकल दिसते ती त्या दोन वस्तूंमुळे, आणि चिखलाखाली त्या असून नसल्यासारख्या.

व्यापारी घरांत वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ शाळेला सायकली देण्याची चाल चांगली आहे आणि ती वाढावी. समारंभात मुली ओळीने उभ्या राहतात, सायकलींना हार घातलेले असतात, छायाचित्र निघते. ती सायकल दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात चालते आहे की ओसरीवर उभी आहे, हे पाहायला मात्र कोणी जात नाही. देणाऱ्याने दुकानदाराला चार गोष्टी आधीच सांगाव्यात: पूर्ण लांबीची मडगार्डे, त्यांना दोन्हीकडे रबरी फ्लॅप, टायरवर दोन बोटांची जागा आणि झाकलेली चेन. शक्य असेल तेथे अ‍ॅल्युमिनियमच्या रिम, आणि प्रत्येक सायकलीसोबत एक हातपंप व पाना. यामुळे खर्च वाढेल. ठरलेल्या रकमेत १० सायकलींऐवजी ९ बसतील. पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या १० सायकलींपेक्षा रोज शाळेत पोहोचणाऱ्या ९ सायकलींचा जमाखर्च कोणत्याही वहीत सरस ठरेल.

दुकानदारानेही यात आपला वाटा उचलावा. नव्या सायकलीचे मडगार्ड जुळवताना कारागीर ते टायरला जवळ घेतो, कारण तसे ते देखणे दिसते. एक वॉशर अधिक घालून ते थोडे वर उचलले, तर सायकलची ऐट किंचित कमी होईल, पण पाड्यावरील मुलगी पावसाच्या दिवशी पहिल्या तासाला वर्गात असेल. वॉशरला खर्च जवळजवळ काही नाही, आणि बोट घालून पाहायला तर पैही लागत नाही. मृगापूर्वीच्या आठवड्यात प्रत्येक घराने दारातील सायकलीजवळ जाऊन एवढे तरी करून पाहावे.